पालेभाजीचे धिरडे : प्रथिने कुठून येतात आणि पाला काय काम करतो

चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यातल्या आपल्या बहुतेक मराठी घरांची मुळे धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांत आहेत. उधना-जळगाव मार्गावरच्या गाडीने वडीलधारी मंडळी इकडे आली. कोणी साखर कारखान्यात लागले, कोणी लूमवर, कोणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, तर आमच्यासारखे काही बँकेत. येताना कळण्याची भाकरी, फुणके, धिरडी हे सगळे खाणे बरोबर आले. इथे आल्यावर शेजारच्या गुजराती घरात पुडला दिसला आणि लगेच ओळख पटली. पुडला आणि धिरडे हे सख्खे भाऊ आहेत. कोकणातले घावन त्यांचा चुलतभाऊ आणि आंध्रातला हिरव्या मुगाचा पेसरट्टू लांबचा पण श्रीमंत नातेवाईक. फ्रान्सच्या नीस शहरात आणि इटलीच्या जिनोव्हा भागातसुद्धा नुसत्या हरभऱ्याच्या पिठाचे असेच पसरट धिरडे भाजून विकतात. डाळीचे पीठ भिजवून तव्यावर ओतावे, हे शहाणपण कोणा एकाचे नाही.

या विषयावर सविस्तर लिहावे असे आम्हाला का वाटले, ते आधी सांगतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवराबायको, दोघेही साठीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीला स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावे लागू लागले. तपासणीत हिमोग्लोबिन ९.१ निघाले. बायकांचे ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दोघांनाही आठ दिवस खाल्लेले सगळे वहीत लिहून आणायला सांगितले. आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासली, आता स्वतःचे खाते तपासायची पाळी आली. सकाळी चहा आणि खारी, दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची किंवा दुधीची भाजी, पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा आणि खाखरा, रात्री खिचडी किंवा नुसताच दूधभात. उपासाला साबुदाणा, ज्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. बेरीज केली तर दिवसाला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पडत होती.

गरज किती असते? भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. आमच्या दोघांच्या खात्यात रोज तूट होती आणि ती कित्येक वर्षे साचत आलेली होती. आम्ही दोघे शाकाहारी, अंडेही खात नाही. डबाबंद पावडरींची किंमत विचारून आम्ही परत आलो आणि डाळीच्या बरणीकडे वळलो.

पाल्याबद्दलचा एक गैरसमज

‘पालक घातला म्हणजे प्रथिने वाढली’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते काढून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १०० ग्रॅम पालकात प्रथिने २ ग्रॅमच्या आसपास, मेथीत साडेतीन ते पावणेचार, शेवग्याच्या पाल्यात सहाच्या थोडी वर. याउलट १०० ग्रॅम मूगडाळीत जवळजवळ २४, उडीद डाळीत २३, हरभरा डाळीत साडेएकवीस, ज्वारीत १० आणि तांदळात ८. धिरड्यातली प्रथिने डाळीची असतात, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. पाल्याची जुडी दुप्पट करून डाळ निम्मी केली तर धिरडे हिरवेगार दिसेल, पण खाते रिकामेच राहील.

मग पाला कशाला? त्याचे काम वेगळे आहे. लोह, कॅल्शियम, फोलेट आणि अ जीवनसत्त्व या गोष्टी डाळीपेक्षा पाल्यातून चांगल्या भरून निघतात. १०० ग्रॅम मेथीत लोह साडेपाच मिलीग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम पावणेतीनशेच्या घरात असते. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम तीनशेच्याही पुढे जाते. पालकाची ख्याती मोठी असली तरी त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे त्याचे कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही. म्हणून पालक एकटा न घालता मेथी, तांदुळजा किंवा शेवग्याच्या जोडीला घालावा.

आता डाळीबरोबर थोडे धान्य का, तेही सांगायला हवे. डाळीच्या प्रथिनांत मेथिओनिन कमी पडते आणि धान्याच्या प्रथिनांत लायसिन. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्यांनी हे शब्द कधी ऐकले नव्हते, पण ज्वारी आणि सालीचे अख्खे काळे उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी त्या करतच होत्या. शहरात आल्यावर आपण ती ‘गावठी’ म्हणून सोडली आणि मैद्याची खारी धरली. या व्यवहारात आपले नुकसान झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरचे धिरडे

पुढचे प्रमाण आठ मध्यम धिरड्यांचे आहे. आम्ही सुरुवातीला सगळे काट्यावर तोललेले आहे.

सालीची मूगडाळ १५० ग्रॅम (साधारण एक वाटी), उडीद डाळ ३० ग्रॅम (दोन मोठे चमचे), ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, निवडून धुतलेला पाला १५० ग्रॅम. शिवाय आले, दोन-तीन हिरव्या मिरच्या, चार-पाच पाकळ्या लसूण, जिरे, हळद, हिंग, मीठ. इकडे थंडीत हिरवा लसूण मिळतो, तो पातीसकट घातला तर कोरडा लसूण लागत नाही.

दोन्ही डाळी धुऊन चार तास भिजवाव्यात. मुगाची साले काढू नयेत. डाळ उपसून आले-लसूण-मिरचीबरोबर वाटावी. वाटताना पाणी अगदी बेताने, कारण पाला स्वतः पाणी सोडतो. पीठ थोडे रवाळ राहू द्यावे, गंधासारखे गुळगुळीत वाटले तर धिरडे चामट होते. त्यात ज्वारीचे पीठ कालवून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. पाला बारीक चिरून अगदी शेवटी, तवा तापत ठेवल्यावर घालावा, आणि मीठही तेव्हाच. आधी घालून ठेवले की पाल्याला पाणी सुटते, पीठ पातळ होते, मग आपण त्यात आणखी पीठ घालतो आणि सगळे प्रमाण बिघडते. आमची पहिली चार-पाच वेळची धिरडी याच एका चुकीने फाटली.

तवा बिडाचा असल्यास उत्तम. तो चांगला तापवावा, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासावा, पाण्याचा शिंतोडा मारावा. चर्रर्र आवाज येऊन पाणी लगेच उडाले की आच मध्यम करून डावभर पीठ मधोमध ओतावे आणि डावाच्या पाठीने पसरावे. मुगाचे पीठ डोशासारखे पातळ पसरायला जाऊ नये, पाल्याच्या काड्या आड येतात. कडेने अर्धा चमचा तेल सोडून झाकण ठेवावे. दोन-तीन मिनिटांत वरचा ओलेपणा जातो आणि कडा आपोआप सुटतात. त्या सुटल्याशिवाय उलथने घालू नये. उलटल्यावर झाकण नको. पहिले धिरडे चिकटले तर निराश होऊ नये, ते तव्याचे असते.

आता हिशोब. मुगातून ३६ ग्रॅम, उडदातून ७, ज्वारीतून ५ आणि पाल्यातून ४, अशी एकूण ५२ ग्रॅम प्रथिने. आठांत वाटली तर एका धिरड्यात साडेसहा. तीन धिरडी आणि १०० ग्रॅम दही एवढ्या नाश्त्यात २२ ग्रॅमच्या वर जमा होतात. पूर्वीच्या चहा-खारीशी तुलना ज्याची त्याने करावी.

वाटायला वेळ नसेल तर बेसनाचे धिरडे आहेच. एक वाटी बेसन, पाव वाटी ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ, ओवा, हिंग, हळद, तिखट, मीठ आणि दोन मुठी चिरलेला पाला. बेसनात पाणी एकदम ओतू नये, आधी घट्ट कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग सैल करावे आणि दहा मिनिटे मुरू द्यावे. कच्चे राहिलेले बेसन पोटाला त्रास देते, म्हणून हे धिरडे जरा पातळ घालून दोन्ही बाजूंनी नीट भाजावे. सोडा घालू नये. तो पिठातले ब१ जीवनसत्त्व खातो आणि ज्यांना मीठ कमी खायला सांगितले आहे त्यांच्या पोटात उगाच सोडियम जाते.

सकाळी कामावर जाणाऱ्यांसाठी गिरणीतून (इथे म्हणतात ती ‘घंटी’) कोरडे पीठ दळून आणणे सोयीचे. मूगडाळ ५०० ग्रॅम, हरभरा डाळ २५० ग्रॅम, ज्वारी २५० ग्रॅम, उडीद डाळ १०० ग्रॅम. डाळी आणि ज्वारी वेगवेगळ्या, मंद आचेवर कोमट होईतो भाजून गार करून दळाव्यात. १०० ग्रॅम पिठात सुमारे २० ग्रॅम प्रथिने पडतात. पावसाळ्यात हे पीठ पंधरा दिवसांपुरतेच दळावे, नाहीतर किडे होतात. याच पिठात थोडी बाजरी आणि धणे-जिरे वाढवले तर थालीपीठही होते, पण त्याला तेल जास्त लागते.

मोड आलेल्या मुगाबद्दल नेहमी विचारणा होते. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते, हा खरा फायदा. पण मोडाने प्रथिने दुप्पट होतात हे खरे नाही. वजन वाढते ते पाण्याचे. बोनस शेअर मिळाल्यावर शेअरची संख्या वाढते, कंपनीची मिळकत तेवढीच राहते, तसेच हे. डाळ रात्रभर आंबवण्याचाही असाच फायदा आहे. मात्र उन्हाळ्यात सुरतेच्या हवेत पीठ पाच-सहा तासांतच फुगते, रात्रभर बाहेर राहिले तर आंबट होते.

बाजारात पाला ओळखताना

इथेच जन्मलेल्या आपल्या सुना-मुलींना गुजराती नावे येतात, मराठी येत नाहीत. गावाकडून नव्या आलेल्यांचे उलट होते. भाजीवालीसमोर दोघींचीही अडचण होते म्हणून हे लिहून ठेवतो. मेथी आणि पालक दोन्हीकडे तेच. तांदुळजा म्हणजे ‘तांदळजो’. शेपू म्हणजे ‘सुवा’. चाकवत म्हणजे ‘चील’. घोळ म्हणजे ‘लूणी’. शेवगा म्हणजे ‘सरगवो’. कांद्याची पात म्हणजे ‘लीली डुंगळी’. कोथिंबीर म्हणजे ‘कोथमीर’. मुळ्याच्या पाल्याला ‘मूळानी भाजी’ म्हणतात आणि तो टाकून देऊ नये, मुळ्यापेक्षा पाल्यातच सत्त्व जास्त.

धिरड्यासाठी आमचा क्रम असा. थंडीत मेथी पहिली, तिच्यासारखा वास कशालाच नाही. कडवटपणा नको असेल तर निम्मी मेथी, निम्मा पालक. मेथीला मीठ चोळून पिळू नये, कडूपणाबरोबर सत्त्वही मोरीत जाते. शेपू थोडाच घालावा, बेसनाच्या धिरड्यात तो शोभतो, मुगात नाही. तांदुळजा जवळजवळ बारमाही आणि मऊ, दात नसलेल्यांनाही चालतो. घोळीला पाणी फार, तिच्यासाठी पीठ घट्ट ठेवावे. उन्हाळ्यात पालेभाजी महाग होते आणि दुपारपर्यंत कोमेजते. तेव्हा शेवग्याचा पाला कामाला येतो. आपल्याकडे सोसायटीच्या कुंपणाला शेवग्याचे झाड असते, लोक शेंगा नेतात आणि पाला झाडून कचऱ्यात टाकतात. त्याची कोवळी पाने देठावरून ओरबाडून घ्यावीत, बारीक काड्या राहू देऊ नयेत, त्या घशाला टोचतात. थोडी उग्र लागतात, म्हणून सुरुवातीला एक मूठच.

कोणती भाजी कुठल्या पाण्यावर वाढली ते आपल्याला दिसत नाही. मुळे कापून, पाने सुटी करून मोठ्या पातेल्यात तीन पाण्यांनी धुवावीत. पाने हाताने वर काढून घ्यावीत आणि पाणी नंतर ओतावे. वरून पाणी ओतून चाळणीत उपसले तर तळाची माती पुन्हा पानांवरच बसते. पावसात हे आणखी कसोशीने. आणि आधी धुवावे, मग चिरावे.

चहा

हा भाग वाचून काही सभासद रागावतील. डाळी आणि पाल्यातले लोह शरीर मुळातच हात राखून घेते. चहा-कॉफीतले टॅनिन ते आणखी अडवते. म्हणजे मेथीचे धिरडे आणि त्याबरोबर कपभर कडक चहा, हा आपला सगळ्यांचा आवडता नाश्ता, लोहाच्या दृष्टीने एका हाताने जमा आणि दुसऱ्या हाताने नावे टाकण्यासारखा आहे. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही, आम्हालाही सुटलेला नाही. तो नाश्त्याच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यावा. आमच्या घरी आता पहाटे चहा, साडेआठला धिरडे, पुढचा चहा दहाला. पहिला आठवडा जड गेला.

लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व उलट काम करते, लोह आत घ्यायला मदत करते. म्हणून धिरड्याबरोबर कोथिंबीर-आवळ्याची चटणी करावी किंवा खाताना लिंबू पिळावे. इकडच्या गोड चिंच-गुळाच्या चटणीची वाटी मात्र मधुमेहींनी लांब ठेवावी. मुगा-हरभऱ्याने रक्तातली साखर हळू चढते, तो फायदा चटणीत घालवू नये.

कोणी जपून खावे

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिने आणि पोटॅशियम मोजून घ्यावे लागते, त्यांनी हे प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नये, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व त्या गोळीच्या परिणामावर असर करते. रोज सारखीच थोडी खावी आणि डॉक्टरांना सांगून ठेवावे. ऑक्झॅलेटचे मुतखडे होऊन गेलेल्यांनी पालकाऐवजी मेथी घ्यावी. डाळीची सवय नसलेल्यांनी पहिल्या आठवड्यात एकच धिरडे खावे, नाहीतर गॅस होतो आणि दोष धिरड्यावर येतो.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की आमच्या घरचे हिमोग्लोबिन धिरड्यांनी वाढले नाही. ते गोळ्यांनी वाढले, चार महिन्यांत ११.८ झाले. एकदा रक्त उतरले की नुसत्या खाण्याने ते भरून यायला फार वेळ लागतो, गोळ्या टाळून पाल्यावर विसंबणे धोक्याचे. गोळ्या थांबल्यानंतर ते पुन्हा उतरलेले नाही, एवढ्याचे श्रेय मात्र ताटाला द्यायला हरकत नसावी. पूल आता एका दमात चढला जातो.

ही गोष्ट आमच्या वयापुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गुजरातेतल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ होते. देशभरात बायकांचे प्रमाण ५७ टक्के होते. म्हणजे आपल्या हळदीकुंकवाला जमणाऱ्या दर तीन बायकांमागे दोन, असे समजायला हरकत नाही. त्यांतल्या कित्येक जणी सगळ्यांना गरम धिरडी वाढून झाल्यावर उरलेल्या पिठाचे एक स्वतःसाठी घालतात आणि त्याबरोबर चहा घेतात. आमच्याकडेही तेच होते, म्हणून आता तवा आळीपाळीने सांभाळला जातो. पुरुषांना धिरडे उलटता येत नाही ही समजूत आहे, कडा सुटेपर्यंत थांबता आले की येते.

मुलांच्या डब्यासाठी धिरडी लहान, पुरीएवढी घालावीत आणि पाला चिरण्याऐवजी डाळीबरोबरच वाटावा, म्हणजे पाने वेचून बाजूला काढता येत नाहीत. गार झाल्यावर डब्यात भरावीत, गरम भरली तर वाफेने चिकटतात. वाटलेले पीठ पाला न घालता फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. पाला घातलेले पीठ त्याच दिवशी संपवावे. उरलेच तर थोडे ज्वारीचे पीठ घालून मुठिये वळावेत, पंधरा मिनिटे वाफवावेत आणि मोहरी-तिळाची फोडणी द्यावी. खानदेशी फुणक्यांची ज्यांना आठवण आहे त्यांनी बरोबर ताकाची कढी करावी.